प्लॅनरमधले दोन श्रावण

साप्ताहिक प्लॅनर आखणाऱ्या माणसाकडे रविवारी कोणी येत नसावं. सोमवार ते शुक्रवार प्रत्येकाला ऐसपैस चौकोन, आणि शनिवार-रविवार मात्र एकाच चौकोनात मधे रेघ मारून कोंबलेले. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो, ते ठीक. पण आमच्या इंदूरात रविवार सकाळी पोहे-जिलबीने जो उघडतो तो रात्री पाहुण्यांना सराफ्यातल्या खाऊगल्लीत फिरवून आणेपर्यंत मिटत नाही. सोमवारी मी ऑफिसात असते. त्या भल्यामोठ्या चौकोनात लिहायला तेवढंच असतं.

तरी प्लॅनर घेतला. राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात, जिथे शाळा उघडायच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. "मैडम, डायरी चाहिए कि रजिस्टर?" या प्रश्नाला दोन्ही नको असं उत्तर दिल्यावर दुकानदाराने माळ्यावरून एक गठ्ठा काढला. आकार ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. पर्समध्ये डब्याशेजारी उभा राहतो. डाव्या पानावर आठवडा, उजवं पान ठिपक्यांचं. तासातासाचे उभे रकाने असलेलेही होते, पण सकाळी सात ते आठ या वेळात मी नक्की काय करते हे मला कागदावर बघायचं नव्हतं.

नव्या वहीचं खरं सुख शेवटच्या पानावर असतं. तिथे घरातली यच्चयावत पेनं चालवून पाहिली. कागद ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. जेल पेन पास, शाईचं पेन काठावर, आणि स्केचपेन थेट पलीकडच्या पानावर. मग चिकटपट्ट्या. या रंगीत कागदी वॉशी टेपचं कुळ मजेशीर आहे. जपानमधली कामोई काकोशी ही कंपनी १९२३ साली सुरू झाली ती माश्या पकडायचे चिकट कागद करायला. पुढे रंगाऱ्यांना लागणारी मास्किंग टेप करू लागली. २००६ मध्ये टोकियोच्या तीन बायकांनी कारखाना पाहायला येऊ का, म्हणून विचारलं. त्या याच पट्ट्यांनी सजावट करत होत्या. त्यानंतर निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या बाजारात आल्या. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना "या" म्हटलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

पट्ट्यांबरोबर स्टिकरही आले. कॉफीचे मग, निवडुंगाच्या कुंड्या, बर्फातलं घर, ऑक्टोबरसाठी लाल पिवळी पानं. आमच्याकडे ऑक्टोबरात पानं हिरवीच असतात आणि थंडीची वर्दी देतात ते गराडू, म्हणजे तळून खायचे इथले कंद. तळलेल्या गराडूचा स्टिकर मिळत नाही. 'गॅस लावला' याचाही नाही, चतुर्थीचाही नाही. तेव्हा लग्नपत्रिका कापायला घेतल्या. प्रत्येक घरात एक पिशवी असते, ज्यात टाकवत नाहीत म्हणून पत्रिका साठलेल्या असतात. त्यांच्यातून सोनेरी गणपती, मोर, केळीचे खांब, सनई असा माल निघाला. उजव्या पानावर ठिपके होतेच, त्यांवर हात आपोआप रांगोळीला लागला. गोपद्मं, कमळ, सात ते एकची पानं.

पण पान फार देखणं झालं की त्यावर लिहिण्याची पंचाईत. सोनेरी मोराच्या पिसाऱ्याखाली 'इसबगोल संपलं' कसं लिहायचं? बरं, मोर लिहून घेत नाही म्हणून इसबगोल संपायचं थांबत नाही. काही दिवस मी नाजूक पेन्सिलीने कोपऱ्यात लिहीत होते. दुसऱ्याच्या भिंतीवर काही खरडावं तसं. पुढे सजावटीतलं टिकलं ते ज्याला काही काम होतं तेच. बाकीचं आवडत नाही असं नाही, अजून पत्रिका कापतेच; पण त्यांची जागा आता उजव्या पानावर.

कामाची पहिली पट्टी निळी, नर्मदेच्या पाण्याची. आमच्या भागात नळ एक दिवस आड येतो. आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम; त्यामुळे एका आठवड्यात पाणी सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार, तर पुढच्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार. "आज पाण्याचा दिवस ना?" या प्रश्नावर घरात रोज सकाळी नवा वाद होई. निळ्या तुकड्यांची पानाआड बदलणारी नक्षी लावल्यापासून तो मिटला. मधेच लाइन फुटली की नक्षी सरकते, तेवढं चालायचंच.

खरा गुंता श्रावणाचा. आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत: मराठी कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप. शुक्ल पक्षात दोघांचं एकमत असतं. कृष्ण पक्ष लागला की दोघं महिन्याचं वेगळं नाव सांगतात, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या हिंदी घरांतला पौर्णिमेला. म्हणून २०२५ मध्ये त्यांचा सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. ऑफिसातल्या भाभींचे सोमवार १४ जुलैला सुरू झाले. डब्यांत साबुदाणा, आणि माझ्या डब्यात वांग्याची भाजी. "भाभी, आप सावन नहीं करतीं?" करते ना, पण पंधरा दिवसांनी! मग त्यांचे सोमवार संपले आणि मी भगर घेऊन एकटी बसले, तेव्हा पुन्हा, "अब किस बात का व्रत?"

हे सगळं कुठल्याही तयार प्लॅनरमध्ये मावत नाही. मी भाभींच्या सोमवारांना केशरी पट्टी लावली, माझ्यांना हिरवी. १४ आणि २१ जुलै केशरी, ११ आणि १८ ऑगस्ट हिरवे, आणि मधले २८ जुलै व ४ ऑगस्ट दुरंगी. ते दोन सोमवार ऑफिसात मोठ्या मजेत गेले. शेजारच्या उज्जैनला महाकालाची सवारी १४ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत दर सोमवारी निघाली, म्हणजे दोन्ही श्रावणांत. देवाने केशरी-हिरवं दोन्ही सांभाळलं. वडाचंही तेच. भाभींनी २६ मेच्या अमावास्येला सूत गुंडाळलं, आम्ही १० जूनच्या पौर्णिमेला. वडाला पंधरवड्यात दोनदा मान.

सासूबाईंना या उद्योगाचं सुरुवातीला काही पटलं नव्हतं. "अगं, कालनिर्णय आहे की भिंतीवर. त्याच्यावर दूध लिहितो, सिलिंडर लिहितो, अजून काय पाहिजे?" त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. १९७३ पासून निघणाऱ्या त्या कॅलेंडराच्या चौकोनांत आमच्या घराचे कितीतरी हिशेब उतरलेत, आणि तेही कुठल्याही पट्टीशिवाय. यांना फोनमध्ये सगळं आठवण करून मिळतं. फोन वाजतो, हे बंद करतात, आणि विसरतात.

यंदाचा, म्हणजे २०२६ चा, प्लॅनर मी आधी कॅलेंडरं बघूनच आखायला घेतला. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे वडाचं अंतर भलतंच ताणलं गेलंय; भाभींचा १६ मे, आमचा २९ जून. पण खुद्द अधिक महिना मात्र दोन्ही कॅलेंडरांत एकच असतो, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. महिनाभर रंग वाटून घ्यायला नकोत. मी सगळ्याला जांभळी लावून टाकली.

आणि लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून ६ मेच्या बुधवारी 'तांदूळ भिजत घालणे' लिहिलं, शनिवारी 'उपसणे, दळणे, गूळ घालून मुरत ठेवणे'. जागा उरली होती तिथे पत्रिकेतली सनई चिकटवणार होते. काल पाहिलं तर सनईच्या जागी सासूबाईंचं वाकडं, ठसठशीत अक्षर: 'खसखस जुनी आहे. नवी आणणे.'