कपाटावरचा कॅन आणि फ्रिजमधला कॅन

सोलापुरात क्राफ्ट बिअर चाखायला चार जण बसले की वाद ब्रुअरीवरून, म्हणजे बिअर कोणी बनवली यावरून, सुरू होतो. हिची व्हीट, म्हणजे गव्हाची बिअर, बरी की तिची, ही आयपीए जास्त कडू की ती. पण मे महिन्यात इथे हातात येणाऱ्या कॅनची चव बनवणाऱ्याने जेवढी ठरवली असते, तेवढीच ती आणणाऱ्या टेम्पोने आणि गोदामातल्या पत्र्यानेही ठरवलेली असते. त्यामुळे दोन ब्रुअरींची तुलना करण्याआधी एकच बिअर तिच्याशीच ताडून बघावी. यात खर्च फारसा नाही आणि जीभ कायमची शहाणी होते.

एकाच दुकानातून, एकाच बॅचचे ३३० मिलीचे चार कॅन घ्या. बॅच आणि तारीख बहुतेक कॅनच्या बुडाला छापलेली असते. आयपीए किंवा पेल एल अशी कडू, वासाची बिअर घेतली तर फरक ठळक कळतो. दोन कॅन फ्रिजमध्ये आणि दोन कपाटावर ठेवा. मे महिन्यात पंखा चालू असलेल्या खोलीतही कपाटावर ३५ अंश सहज असतात. सात दिवसांनी, आठव्या दिवशी सकाळी, कपाटावरचे दोन्ही कॅन फ्रिजमध्ये टाका, म्हणजे संध्याकाळी चारही कॅन सारखेच गार असतील. हे विसरलात तर चवीची नाही, तापमानाची तुलना होईल.

आता प्रत्येकापुढे तीन ग्लास. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणाऱ्याने आतल्या खोलीत ओतायचं, ग्लासच्या बुडाला मार्करने खूण करायची आणि स्वतः चाखायला बसायचं नाही. सहा जण असतील तर तिघांना फ्रिजमधल्या बिअरचे दोन ग्लास आणि कपाटावरचीचा एक, उरलेल्या तिघांना उलट. प्रत्येक ग्लासात ६० मिली पुरेत. दोन्ही बिअरचे नऊ-नऊ ग्लास होतात, म्हणजे प्रत्येकी ५४० मिली, आणि दोन कॅनमध्ये ६६० मिली असतात. वेगळा ग्लास कोणता, एवढंच प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिनात एक असते. सहापैकी चार जण बरोबर आले तरी फार फुशारकी नको, कारण चार किंवा त्याहून जास्त नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता दहा टक्के आहे. पाच जण बरोबर आले तर ती दोन टक्क्यांवर येते. मग फरक खरा म्हणायचा.

कपाटावरच्या बिअरमध्ये सगळ्यात आधी जातो तो हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास. संत्र्याच्या सालीचा, पिकल्या फळाचा जो पहिला भपकारा येतो तो उरत नाही. कडूपणा राहतो, पण घशाशी खरखरतो. मागे मधासारखा जड गोडवा येतो, आणि फार तापलेल्या कॅनमध्ये ओल्या पुठ्ठ्याचा वास. पावसात भिजलेलं खोकं नाकाशी धरल्यावर येतो तोच. भरताना कॅनमध्ये राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि उष्णता यांच्यामुळे जुन्या बिअरमध्ये ट्रान्स-२-नॉनेनल नावाचं द्रव्य जाणवू लागतं, हा वास त्याचा. ब्रुअर लोकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस, या तिन्हींत बिअरचं नुकसान साधारण सारखंच. त्या हिशेबाने आपल्या कपाटावरचा एक आठवडा म्हणजे बेताच्या हवेतले दोन महिने.

म्हणून खरेदीचा पहिला नियम तारखेचा. हॉप्सवाली बिअर तीन महिन्यांच्या आतली असेल तरच घ्यावी. स्टाऊट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, थोडी जुनी चालते. दुसरा नियम उजेडाचा. हॉप्सच्या कडूपणातली द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) यांच्यावर ऊन पडलं की गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. कडक उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी बाटली बराच बचाव करते. हिरवी आणि पांढरी बाटली करत नाही, आणि दुकानाच्या काचेच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइटला चिकटून उभी असलेली हिरवी बाटली तर घेऊच नये. कॅनला हा त्रास नाही. सोलापूरसाठी कॅनच बरा, हे आमचं ठाम मत.

पुण्याहून आणायची असेल तर अडीचशे किलोमीटरचा रस्ता आणि साडेचार-पाच तास धरा. थर्माकोलचा डबा, तळाला बर्फ, मध्ये कॅन, वर पुन्हा बर्फ, आणि डबा डिकीत न ठेवता एसी लागतो तिथे, मागच्या सीटवर. उन्हात उभ्या गाडीची डिकी साठ अंशांकडे जाते. तेवढ्या उष्णतेत कॅनमधला दाब वाढून तळ बाहेर फुगतो. फळ घातलेल्या, न गाळलेल्या बिअरचा धोका सगळ्यात जास्त, कारण तिच्यात जिवंत यीस्ट आणि उरलेली साखर दोन्ही असतात. गरम झाली की ती आत पुन्हा आंबायला लागते. फुगलेला कॅन तसाच गरम उघडायच्या फंदात पडू नका. गार करून, फडक्यात गुंडाळून, मोरीत रिकामा करा.

घाईत गार करायची तर फ्रीझरपेक्षा बादली बरी. पाच टक्क्यांची बिअर शून्याखाली दोन-अडीच अंशांवर गोठायला लागते, आणि फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली तडकते. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठ-दोन मूठ जाडं मीठ घाला, कॅन बुडवून मधूनमधून फिरवत राहा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाच्या खड्यांत कॅन ठेवला तर मध्ये हवा राहते आणि दुप्पट वेळ जातो.

लाइट गेली आणि बर्फही नाही, अशा वेळी आपल्या गावचा टर्किश टॉवेल कामाला येतो. टॉवेल भिजवून, अर्धवट पिळून कॅनभोवती गुंडाळा आणि वाऱ्याच्या झोतात ठेवा. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४२ अंश असताना ओल्या टॉवेलातला कॅन पंचविशीच्या आसपास राहू शकतो. माठ गार राहतो त्याच कारणाने. पिण्याइतका हा गारवा नाही, पण बिअर वाचते. टॉवेल तासाभरात वाळतो, तो पुन्हा भिजवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही.

ग्लासचं थोडक्यात. भांड्याच्या घासणीने घासलेल्या ग्लासला तेलाचा पातळ थर राहतो आणि फेस टिकत नाही. धुतलेल्या ओल्या ग्लासात मीठ भुरभुरवून बघा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटलं नाही तिथे तेल. बर्फात गोठवलेला मग नको, त्याने वास मरतो. लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) ४ ते ६ अंशांवर, व्हीट ६ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाऊट १० ते १३. एप्रिलमध्ये गच्चीवर हे आकडे पाच मिनिटंही टिकत नाहीत, म्हणून एका वेळी १०० मिलीच ओता, बाकीची कॅनमध्ये, कॅन बर्फात. जर्मनीतल्या कोलोन शहराची क्योल्श ही बिअर २०० मिलीच्या सरळ उभ्या ग्लासात देतात. ही पद्धत सोलापूरने खुशाल उचलावी.

आता हंगाम. कॅनवर छापलेला हंगाम आपला नसतो. मेर्त्सेन या जर्मन लागरचंच बघा. बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी आली. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर भट्टी बंद. उष्णतेत आंबवलेली बिअर बिघडायची म्हणून. मग मार्चमध्ये जरा दणकट बिअर बनवून थंड तळघरात ठेवायची आणि शरदात संपवायची. मार्च म्हणजे मेर्त्स, तेच तिचं नाव. इकडेही ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात उतरवतात, पण म्युनिकमध्ये तेव्हा गारवा असतो आणि सोलापुरात ऑक्टोबर हीट. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी तिची माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, चव घामाघूम अंगाने कळत नाही. ऑक्टोबरमध्ये घ्या, फ्रिजच्या तळात ठेवा आणि डिसेंबरात काढा. लागर असल्याने दोन महिन्यांत तिचं काही बिघडत नाही.

मार्च ते जून हा विटबिअरचा काळ. बेल्जियममधली ही शैली जवळजवळ संपली होती. पिएर सेलिस यांनी हूगार्डन गावात १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. माल्ट न केलेला गहू, धने आणि संत्र्याची साल. जर्मन हेफेवाइत्सेन वेगळी. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास मसाल्याचा नसून यीस्टने बनवलेला असतो. आंबवण्याचं तापमान वाढलं की बहुधा केळं वरचढ होतं. दोन्ही शेजारी ठेवून चाखा, पुन्हा कधी घोटाळा होणार नाही. गोझे मिळाली तर सोडू नका. मीठ, धने आणि आंबटपणा, म्हणजे दुपारच्या मठ्ठ्याशी नातं सांगणारी बिअर.

आंब्याच्या बिअरबद्दल गैरसमज फार. लिटरला १०० ते २०० ग्रॅम रस पडतो, पण त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. म्हणून खरी मँगो बिअर कोरडी लागते आणि आंबा नाकाला कळतो, जिभेला गोड लागत नाही. बाटलीतल्या सरबतासारखी गोड लागली तर रस मागाहून घातलाय किंवा इसेन्स आहे.

पावसाळ्यावर फार लिहिण्यासारखं नाही. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा अंबर किंवा ब्राऊन एल आणि सोबत भाजलेल्या शेंगा.

शेंगाचटणीचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आयपीए ही जोडी आम्हाला मान्य नाही. लाल तिखटाचं झोंबणं कडूपणा, अल्कोहोल आणि गॅस तिघेही वाढवतात. व्हीट बिअर कमी कडू आणि अंगाने मऊ, ती तिखट सांभाळून घेते. शिवाय कुटलेल्या शेंगांचं तेल ओठांवरून ग्लासात उतरलं की फेस खलास. म्हणून रंग, फेस आणि वास यांची नोंद आधी करा, चटणीला हात नंतर.

हिवाळ्यात गड्ड्याची यात्रा आणि हुरडा जोडीने येतात. रात्री १४-१५ अंशांवर उतरतात आणि स्टाऊट टेबलावर ठेवली तरी जवळपास नेमक्या तापमानाला राहते. तरीही हुरड्याबरोबर स्टाऊट नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसाचा दुधाळ गोडवा भाजलेल्या बार्लीखाली दबून जातो. हुरड्याला सेझाँ घ्या. बेल्जियमच्या शेतावरची ही बिअर कोरडी, किंचित मिरीच्या चवीची असते, आणि तिची काही यीस्टं ३० अंशांच्या वरही नीट काम करतात. धुराला धूर जोडायचा असेल तर जर्मनीतल्या बांबर्गची राउखबिअर. तिचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात.

हुरड्यावरून ज्वारीची बिअर आलीच. घरी बिअर बनवणं महाराष्ट्रात परवान्याशिवाय गुन्हा आहे, तेव्हा हे परवानाधारक मायक्रोब्रुअरींसाठी. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठ्या ब्रुअरी ज्वारीवर गेल्या, म्हणजे हे होतं. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची मालदांडी हाताशी असताना तिचा विचार व्हायलाच हवा. अडचण स्टार्चची आहे. बार्लीचा स्टार्च ६०-६५ अंशांत फुलतो, ज्वारीचा ७० च्या वर. दोन्ही एकत्र ६५ अंशांत भिजवले तर ज्वारी कोरडीच राहते आणि पाणी गढूळ होतं. ज्वारीचा भरडा आधी वेगळा उकळून कण्यांसारखा शिजवायचा, निववायचा, मग बार्ली माल्टमध्ये मिसळायचा. एकूण धान्यात २० ते ३० टक्के ज्वारीने सुरुवात ठीक.

ज्वारीलाच मोड आणून माल्ट करायचं असेल तर सावध राहावं लागतं. किराळ, म्हणजे ज्वारीचा कोवळा फुटवा, खाऊन जनावर का दगावतं हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. मोडातही तेच सायनाइड देणारं द्रव्य असतं. म्हणून माल्ट वाळवल्यावर मोड आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढाव्या लागतात. ग्लासात अशी बिअर फिकट आणि अंगाने हलकी लागते. फेसही लवकर बसतो, कारण ज्वारीची बहुतेक प्रथिनं पाण्यात विरघळत नाहीत. ती अरुंद ग्लासात, जरा उंचावरून, जोरात ओतावी.