तळ्याकाठची बार्शी लाइट

रविवार, २२ जून

पहाटे पावणेपाचलाच जाग आली. इथे इंग्लंडात जूनमध्ये त्या वेळेला चांगलं उजाडलेलं असतं. पडदा सारला तर शेजारच्या आजोबांच्या बागेत तळ्यापासून चार हातांवर तो उभा. राखी बगळा. हा थेट पाण्यात उतरत नाही. आधी गवतावर उतरतो, मग एकेक पाऊल जपून टाकत काठाशी येतो आणि तिथे खांब होऊन राहतो. मी खिडकीतून हलले नाही. मान कधी पुढे गेली ते कळलंच नाही, फक्त पाणी हललं आणि चोचीत आडवा केशरी मासा दिसला.

आजोबांना हाक मारायला हवी होती. मारली नाही. ते दिवसभर मनाला लागून राहिलं, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

(समोर असले की मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच ती. पण वहीत ऐंशी पार केलेल्या माणसाचं नुसतं नाव लिहायला माझा हात उचलत नाही.)

दुपारी त्यांच्याकडे इंजिनवाली मंडळी जमली, बागेत छोट्या आगगाड्या चालवायचा छंद असलेली. महिन्यातला एक रविवार ठरलेला. तळ्याभोवती गुडघाभर उंचीवर रूळ फिरवलेत, एका टोकाला पाण्यावरून पूल. इंजिन हातभर लांब, पण खरं वाफेचं. बॉयलरमध्ये क्षार नसलेलं पाणी भरायचं, वंगणाच्या डबीत जाड तेल, पोटातल्या टाकीत ब्यूटेन. धुराड्याच्या तोंडाशी ज्योत नेली की ‘भप्प’ असा आवाज येतो आणि आग आत जाऊन बसते. मग थांबायचं. पाच-सात मिनिटं सगळे वाफेचा दाब दाखवणाऱ्या त्या टिचभर काट्याकडे बघत उभे असतात, आणि मला हाच वेळ सगळ्यात आवडतो, कारण गप्पा तेव्हाच रंगतात.

आज गप्पा रुळांच्या मापावर होत्या. हे इंजिन ज्या गाडीची छोटी नक्कल आहे, त्या मूळ गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एका फुटाला १६ मिलिमीटर धरले तर बागेतले रूळ ४० मिलिमीटरचे हवेत. आजोबांनी बाजारात मिळतात ते ४५ चे टाकलेत. “पाच मिलिमीटर जास्त,” असं एक पाहुणे दर वेळी म्हणतात आणि आजोबा दर वेळी म्हणतात, “गाडीला माहीत नाही ना!”

मूळ गाडी म्हणजे इथलीच, स्टॅफर्डशायरची, लीक अँड मॅनिफोल्ड. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, १९०४ ते १९३४, पुरती तीस वर्षंही चालली नाही. दूध वाहायची, सुट्टीला माणसं न्यायची. आता त्या वाटेवर रूळ नाहीत, सायकली चालतात. शेजारची मॅनिफोल्ड नदीही उन्हाळ्यात चुनखडीच्या भेगांत शिरते आणि पात्र कोरडं पडतं.

दोन वर्षांपूर्वी, आम्ही या घरात नवे असताना, मी कुंपणापलीकडून हे इंजिन पहिल्यांदा पाहिलं. पुढे भला मोठा दिवा, मागच्या डब्यांना सज्जे. मला वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय. आजोबांनी विचारलं, “तुम्ही भारतात कुठल्या?” मी सवयीने ‘मुंबईजवळ’ म्हणणार होते, पण तोंडातून खरं ते आलं, बार्शी. त्यांनी हातातलं तेलाचं फडकं खाली ठेवलं. “बार्सी?” म्हणाले. “बार्सी लाइट रेल्वे?”

माझ्या अंगावर काटा आला. त्या गावाचं नाव या देशात कुणाच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनीच मला माझ्या गावची गोष्ट सांगितली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर. हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे त्याला सिद्ध करायचं होतं. युक्ती अशी की वजन सगळ्या आसांवर सारखं वाटायचं, एका आसावर पाच टनांहून जास्त नाही. १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर. त्याआधीच, बार्शीला जमलं म्हणून मॅनिफोल्डच्या खोऱ्यासाठी लोकांनी त्यालाच बोलावलं होतं. इंजिनं लीड्सच्या किटसनची, बार्शीची पहिलीही आणि इथलीही. म्हणजे गाडी आमच्याकडून इकडे आली. आजवर मी उलटंच समजत होते. सगळं चांगलं तिकडून आपल्याकडे येतं, असंच लहानपणापासून मनात बसलेलं. आणि ज्या गाडीत बसून मी दर वर्षी पंढरपूरला गेले, डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन आईच्या पदराने पुसून घेतले, तिच्या कर्त्याचं नाव मला पन्नाशीत एका परक्या अंगणात कळलं. शाळेत असताना कुणीतरी सांगायला हवं होतं. अजून वाईट वाटतं.

आज पहिली फेरी निघाली, पुलावरून जाताना आजोबांनी पाण्यात पाहिलं. “एक कमी आहे,” म्हणाले. मी लगेच सांगून टाकलं, पहाटे पाहिलं, हाक मारली नाही. त्यांनी फक्त विचारलं, “डोक्यावर काळा तुरा होता?” नव्हता. डोकं, मान, सगळं राखाडीच. “मग यंदाचं पिल्लू. आत्ताच घरट्यातून निघालंय, शिकतंय.” आणि त्यांनी वाफेची झडप हलकेच उघडली.

बाकीच्यांनी मात्र उपायांचा पाऊस पाडला. जाळी. काठाने दोऱ्याचं कुंपण. एकाने प्लॅस्टिकचा बगळा आणून उभा केला होता, तर खरा येऊन त्याच्या शेजारीच उभा राहिला. मी उजनीच्या पाण्याबद्दल सांगितलं, तिथे हाच राखी बगळा हिवाळ्यात किती दिसतो ते. तो तिकडेही आहे हे त्यांना नवं होतं. आजोबांनी विचारलं, “तुमच्या स्टेशनावर बगळे होते?” मला आठवेना.

रात्री, म्हणजे तिकडे पहाट झाल्यावर, आईला फोन केला. पालख्या पुण्यातून निघाल्या, ही बातमी तिने आधी दिली. मग बगळ्यांचं विचारलं. “होते की,” म्हणाली. “इंजिनात पाणी भरायचा तो मोठा वाकडा नळ नव्हता का, सारखा गळायचा. खाली डबकं. त्यात ढोकऱ्या बसायच्या, मातीच्या रंगाच्या. बघून कळायच्याही नाहीत. शिट्टी झाली की उडायच्या, आणि उडाल्या की पांढऱ्याशुभ्र. तू टाळ्या वाजवायचीस.”

आजोबांच्या स्टेशनाला तसा नळ आहे, पितळेचा, बोटभर. खाली डबकं नाही. सकाळी जाऊन सांगते.