बार नंबर ४७

आज क्वार्टेटची, म्हणजे माझा पीस वाजवणाऱ्या चार वादकांची, पहिली रिहर्सल झाली. रात्रीचे दीड वाजलेत, झोप काही येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

चार महिने खपून लिहिलेला साडेसहा मिनिटांचा पीस, त्याला मिळाला पाऊण तास, आणि त्यातली दहा मिनिटं एकट्या बार ४७ वर गेली (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला तालाचा एक खण). व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवणाऱ्या मॅडम थांबल्या, पेन्सिलने दोन सुरांभोवती गोल केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे दोन्ही एकदम हवेत का?" मी खालचा डी आणि त्याच्या वरचा एफ एकत्र लिहिले होते. आता व्हायोलाची सगळ्यात जाड तार सी ची, पुढची जी ची, म्हणजे डी आणि एफ दोन्ही त्या एकाच जाड तारेवर येतात, आणि एका तारेवर दोन सूर एकदम वाजतच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मी हे शंभरदा ऐकलंय, छान वाजायचं, कारण कॉम्प्युटरला ना तारा ना बोटं. तारांची नावं मला झोपेत विचारली तरी येतात, आणि तरी हे लिहिलं. फार लाज वाटली, डोळ्यात पाणी आलं खरं तर.

घरी येताना अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास डोक्यात होते. जुलियार्डसारख्या नावाजलेल्या संगीतशाळेतून शिकून बाहेर पडलेला माणूस, १९६४ ला वयाच्या २७ व्या वर्षी पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे जातो आणि तिथे हार्मनी (सूर एकत्र कसे जुळवायचे), काउंटरपॉइंट (वेगवेगळ्या सुरावटी एकदम कशा चालवायच्या) सगळं परत पहिल्यापासून गिरवतो. पुढे १९७६ मध्ये त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या स्टेजवर झाला, आणि त्यानंतरही ते टॅक्सी चालवत होतेच. आधी मी हे वाचताना टॅक्सीवरच अडकायचे, कारण माझंही पोट दुसऱ्यांच्या स्कोअरमधून (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत) पार्ट, म्हणजे एकेका वाद्याची वेगळी प्रत, काढून देण्यावरच चालतं (वाजवणाऱ्याला पान उलटायला हात मोकळा मिळेल अशा जागी पान तोडणं, हे काम मला मनापासून आवडतं). आज मात्र पॅरिसची ती दोन वर्षं जास्त मोठी वाटली. पदवी हातात असताना परत पाटीवर बसायचं, केवढं धाडस लागत असेल.

आणि एक आहे, त्या मॅडमनी विचारलं नसतं तर मला कळलंच नसतं. नवा पीस एकदा वाजतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच राहतो, दुसऱ्यांदा वाजवायला कुणी घेतलं तर नशीब, मग चूक कधी दिसणार? पेन्सिलने केलेला तो गोल मी खोडणार नाहीये, तो पार्ट तसाच जपून ठेवणार.

बार ४७ अजून सुटलेला नाही. एफ व्हायोलिनला देता येत नाही, तेही जी च्या खाली जात नाही आणि हा एफ त्याच्या खालचा आहे. राहिला चेलो (व्हायोलापेक्षाही मोठं, आणखी खालच्या सुरांचं वाद्य), तर तो चार बार खालचा सी धरून बसलाय, म्हणजे तो सोडवायचा तर ४४ पासूनच परत लिहायला लागणार. परवा दुसरी रिहर्सल आहे. चेलोची ओळ आत्ताच काढून बघते.