नदीवर वाफ, पायाला कळ

पहाटे थर्मामीटर दोरीला बांधून नदीवर गेलो. (हो, असले उद्योग मला सुचतात.) हवा ९ अंश, पाणी १७. म्हणूनच प्रवाहावर वाफ तरंगत होती. पाण्यालगतची दमट, उबदार हवा वरच्या गार हवेत मिसळली की बाष्पाचे बारीक थेंब होतात, तेच हे धुकं. वाफ बघून वाटलं, पाणी कोमट असणार. पाय घातला आणि तोंडातून "आई गं!" पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज ऊब ओढून नेतं, हे वाचलेलं होतं, पोटरीला आज कळलं.

दुपारी पुन्हा गेलो. हवा थेट २६, पाणी जेमतेम १८! तापायला पाण्याला भरपूर उष्णता लागते, ते उन्हाला लगेच दाद देत नाही. काठच्या उथळ डबक्यात मात्र २३ भरलं आणि मासा एकही नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच. सगळे मासे झाडाच्या सावलीतल्या डोहात.

संध्याकाळचा आकडा नाही. वारा सुटला, गाठ निसटली, थर्मामीटर गेला वाहत.