घरच्या घरी ‘जी’, नोंद ७ : ८.४ चं भूत उतरलं

मंडळी, जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूला मिळणारं त्वरण) मोजताना आकडा कमी येतो म्हणून मागच्या तीन नोंदींत मी घर्षणाला उगाच शिव्या घातल्या. चोर घरातलाच निघाला.

नव्यांसाठी थोडक्यात. नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये दोन मीटरचा अ‍ॅल्युमिनियम चॅनेल आहे, स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडचा उरलेला तुकडा. एक टोक १० सेंमी वर. वागळे इस्टेटमधून आणलेली बेअरिंगची २५ मिमी गोळी त्यातून १८० सेंमी धावते. वेळ मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर. हातातून सोडली तर एवढं अंतर ०.६ सेकंदात संपतं. उतारावर साडेतीन सेकंद मिळतात, म्हणून हा खटाटोप.

वीस फेऱ्यांची सरासरी ३.४७ सेकंद, म्हणजे त्वरण ०.२९९ मीटर प्रति सेकंद वर्ग (पुढचे जीचे आकडेही याच एककात). भरीव गोळी गडगडत येते तेव्हा उताराच्या ओढीतला ५/७ वाटाच तिला पुढे नेतो, बाकीचा गरगर फिरवण्यात जातो. हे धरून जी आला ८.४. ठाण्यात हवा ९.७९ च्या आसपास!

आधी संशय फरशीवर होता. तिला बाल्कनीकडे ढाळ आहे, त्यामुळे टेपनं मोजलेली उंची फसवी. गवंडी करतात तसं पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली. ३ मिमीचा फरक. पाचर सारली, तेव्हा कुठे ८.१ चे ८.४ झाले होते.

शनिवारी रात्री गोळी पुसायला घेतली आणि तिच्यावर दोन करड्या रेघा दिसल्या, अगदी समांतर. बोटानं चोळल्या तर काळं निघालं. म्हणजे ही बया तळाला टेकतच नाही! चॅनेलच्या दोन कडांवर बसून येते. व्हर्नियर लावला: आतली रुंदी १५ मिमी. त्रिज्या १२.५, अर्धी रुंदी ७.५, पायथागोरसला विचारलं तर गडगडण्याची खरी त्रिज्या बरोब्बर १० मिमी. तेवढंच अंतर कापायला गिरक्या जास्त, म्हणून फिरण्यात जाणारा वाटाही जास्त. ५/७ म्हणजे ०.७१४ च्या जागी ०.६१५ आलं. जी : ९.७२.

खालच्या काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. “अहो, रात्री बाराला गोट्या कसल्या खेळता?” आता गोळी शेवटी जुन्या स्लीपरमध्ये अडकते.

गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात लाकडी फळीतली खोबण आणि ब्राँझची गोळी वापरल्याचं लिहिलंय. त्याची खोबण त्याला का नडली नाही? कारण तो फक्त गुणोत्तरं बघत होता: दुप्पट वेळ, चौपट अंतर. खोबण सगळ्या फेऱ्यांना सारखीच मंदावते, त्यामुळे गुणोत्तर हलत नाही. नडते ती आपल्यासारख्या जीचा आकडा मागणाऱ्यांना.

पुढे टेबल टेनिसचा चेंडू. पोकळ, म्हणून सपाट फळीवर ५/७ ऐवजी ३/५. पण तो इतका हलका की पंखा बंद करावा लागणार, आणि ऑक्टोबरात घरचे त्याला तयार होतील असं वाटत नाही.