माग: भुसावळ ते चाळीसगाव

चार महिने माझी एक रहस्यकथा अडून बसली होती. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मुनीमाचा खून होतो. खुनी कोण, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्याला पकडून देणारा पुरावा कथेत जिथे म्हणून ठेवावा, तिथे तो ओरडून सगळं सांगून टाकायचा. ज्या तीन मैत्रिणींना कथा वाचून दाखवली, त्या तिघींनीही पाचव्या पानावर खुनी ओळखला. डिसेंबरात माहेरी भुसावळला आले ती वही पिशवीत घेऊनच. एक दिवस काढून चाळीसगावला जायचं आणि छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पुन्हा निवांत बघायचं, असं ठरवलं होतं.

रहस्यकथेची गोडी मला भुसावळनेच लावली. रेल्वे क्वार्टरमध्ये पुस्तकं या घरातून त्या घरात, वाटीतल्या साखरेसारखी फिरायची. वडील रात्रपाळी करून आले की चहाचा कप एका हातात आणि बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड दुसऱ्या हातात. अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे माझ्या वयाच्या मुलींच्या दप्तरात सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद आले. ही पुस्तकं काचेच्या कपाटात कधी गेली नाहीत, उशीखालीच राहिली. दमून आलेल्या माणसाला पुढचं पान उलटायला लावणं ही मोठी कारागिरी आहे. तिच्याबद्दल आपण फार कमी बोललो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सकाळच्या मेमूत खिडकी मिळाली. आईने कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत बांधून दिलं होतं. भादली आलं तशी मी वही मिटली. ५ मे १९१८ रोजी याच स्टेशनाजवळ बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघं २७. कथेतल्या मृत्यूला मी वेळ देते, कारण देते, शेवटच्या पानावर त्याचा हिशेबही चुकता करते. भादलीच्या रुळांवर तसलं काही जुळवू नये. मी नुसती बाहेर बघत राहिले.

पाचोऱ्याला पांढऱ्या टोपीतले एक आजोबा समोर येऊन बसले. थोड्या वेळाने वहीकडे बोट करून म्हणाले, “काय लिखी ऱ्हायनी माय?”

खुनाची गोष्ट लिहितेय म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “खून कोनी कया?” मी सांगितलं नाही. ते खुशीत हसले आणि त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली जागल्याची हकीकत सांगू लागले.

खानदेशात गावराखणीचं काम जागल्याकडे असे, आणि जागल्या बहुतेक भिल्ल. रात्री बैल चोरीला गेला की पहाटे गुरं बाहेर पडायच्या आत तो माग काढायला निघायचा. आधी खुरांचा ठसा एखाद्या टोपलीखाली झाकून ठेवायचा. मग काडीने त्याची लांबी-रुंदी मोजायची आणि काडी कानावर खोचून पुढे चालायला लागायचं. माग पुढच्या गावाच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली. त्या गावाला एकतर माग पुढे न्यावा लागे, नाहीतर भरपाई द्यावी लागे. “पाय खोटं बोलत नही,” आजोबा म्हणाले, आणि स्वतःचा तळवा सीटवर टेकवून दाखवला. टाचेच्या भेगांत काळी माती बसली होती.

मला ती कानावरची काडी फार आवडली. गुप्तहेरकथेचा जन्म १८४१ सालचा धरतात. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने पॅरिसमधला हेर द्युपाँ उभा केला, तेव्हापासूनचा. तो इतिहास खराच आहे. कोलकात्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणावर काम केलं, हेही खरं. पण ‘माग’, ‘सुगावा’, ‘छडा’ हे शब्द मराठीला कोणा परदेशी हेराने दिलेले नाहीत. ते शिवारातून आले. आपल्याकडचा तपास वाकून, जमिनीकडे बघत चालणारा आहे, आणि माझ्या कथेत नेमकं ते वाकणं नव्हतं.

केकी मूस यांचं दगडी घर चाळीसगाव स्टेशनजवळच आहे. विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत १९८९ साली गेला, तोवर बहुतेक सारं आयुष्य याच घरात राहिला. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीसाठी ते रोज रात्री गाडीच्या वेळेला दिवे लावत आणि ताट मांडत, ही हकीकत गावात कोणीही सांगतं. येणारे तीच ऐकायला उत्सुक असतात. मी मात्र टेबल-टॉप छायाचित्रांसमोर तासभर उभी राहिले. लांबवर पसरलेला देखावा दिसतो, त्यातली हवासुद्धा जाणवते. तो सगळा एका टेबलावर, घरातल्या साध्यासुध्या वस्तू मांडून तयार केलेला! आणि काहीही लपवलेलं नाही. प्रत्येक वस्तू उजेडात, आपल्या डोळ्यांसमोर आहे. फक्त उजेड असा पाडलाय की आपण वस्तू बघतच नाही, देखावा बघतो. कळल्यावर मात्र तीच वस्तू दिसत राहते, देखावा काही केल्या परत येत नाही.

रहस्यकथेत वाचकाशी प्रामाणिक राहायचं म्हणजे हेच. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले. हेराला जे सापडेल ते वाचकालाही लगेच दाखवलं पाहिजे, हा त्यातलाच एक. शेवटच्या पानावर खिशातून चिठ्ठी काढणारा लेखक मला लबाड वाटतो. दाखवायचं सगळं, पण वाचकाचं मन त्या क्षणी दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं हवं.

माझा पुरावा होता एक काळी टोपी. जिन चालू असताना आत पाच मिनिटं उभं राहिलं तरी केसांवर, भुवयांवर रुई बसते. खुनी म्हणतो, मी मुनीमाला शोधत यंत्रापर्यंत जाऊन आलो. पण त्याची टोपी स्वच्छ. हे मी सरळ लिहून मोकळी झाले होते: ‘त्याची काळी टोपी अगदी स्वच्छ होती.’ कोण नाही ओळखणार?

परतीच्या गाडीला वेळ होता. चाळीसगावच्या फलाटावर बाकावर बसून भरिताचा डबा उघडला, आणि एका हाताने पाचवं पान खोडलं. आता खुनी मुनीमाच्या घरी निरोप सांगायला येतो. पाणी पिताना टोपी काढून पाटावर ठेवतो. मुनीमाचा चार वर्षांचा नातू ती उचलून डोक्यावर घालतो. टोपी नाकापर्यंत येते, तो काळ्याभोर टोपीआडून “मी कुठंय?” म्हणत घरभर धावतो, आणि ज्या घरात अजून रडं सुरू व्हायचंय त्या घरात सगळे हसतात.