मतं तीन वेळा मोजली, तरी संशय उरला

पुण्यात निकाल एका दिवसात लागतो. ४ जून २०२४ ला कोरेगाव पार्कच्या गोदामात सकाळी आठला मोजणी सुरू झाली आणि खासदार कोण, हे रात्रीच्या जेवणाआधी कोथरूडपासून कॅम्पापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे नोव्हेंबरात मुला-मुलींकडे अमेरिकेत राहायला आलेल्या पुणेकर आई-बाबांना टीव्हीसमोर एकच प्रश्न पडतो : एवढा पुढारलेला देश, मग मतं मोजायला चार-चार दिवस का लागतात? २०२० साली मतदान ३ नोव्हेंबरला संपलं आणि वृत्तवाहिन्यांनी विजेत्याचं नाव ७ तारखेला सांगितलं. मधल्या चार दिवसांत जे वाटोळं झालं, ते हा देश अजून निस्तरतो आहे.

मुळात आपल्या निवडणूक आयोगासारखी, देशभर निवडणूक घेणारी एकच यंत्रणा इथे अमेरिकेत नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, आणि प्रत्यक्ष काम काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं. टपालाने आलेलं मत कधी उघडायचं, हेसुद्धा राज्यागणिक बदलतं. फ्लोरिडात टपाली मतं मतदानाच्या कितीतरी दिवस आधीपासून तपासून यंत्रातून सरकवता येतात, म्हणून तिथला आकडा त्याच रात्री येतो. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत लिफाफ्याला हात लावता येत नाही. त्यातही लिफाफे दोन : आतला गुप्ततेचा, बाहेरचा सही आणि तारखेचा. बाहेरचा उघडायचा, आतला वेगळा करायचा, मग तो उघडून घडी पडलेली मतपत्रिका सपाट करायची आणि तेव्हा कुठे स्कॅनरमध्ये घालायची. आतला लिफाफा विसरला तर मत बाद. लाखो लिफाफ्यांचं हे काम एका दिवसात उरकत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे टपाली मतदान प्रचंड वाढलं. त्यात डेमोक्रॅटिक मतदार जास्त होते, रिपब्लिकन मतदार जास्त करून केंद्रावर गेले. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत केंद्रावरची मतं आधी मोजली गेली, टपाली नंतर. रात्री झोपताना एक उमेदवार पुढे आणि दोन दिवसांनी दुसरा, असं चित्र दिसणारच होतं. जाणकारांनी ते आधी सांगितलंही होतं. पण ज्याचा उमेदवार रात्री पुढे होता त्याला ‘मोजायचा क्रम’ हे कारण पटत नाही. त्याला रात्रीत काहीतरी घडलं असंच वाटतं.

फरक किती होता ते पाहा. देशभरात डेमोक्रॅटिक बायडन यांना रिपब्लिकन ट्रम्प यांच्यापेक्षा ७० लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण अध्यक्ष ठरतो राज्यवार प्रतिनिधींच्या मतांवर, आणि तो हिशेब ३०६ विरुद्ध २३२ असा होता. अ‍ॅरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९, विस्कॉन्सिन २०,६८२ : या तीन राज्यांतल्या आघाड्यांची बेरीज ४२,९१८. ही तीन राज्यं उलटली असती, तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. मुंबई वायव्यमध्ये २०२४ ला लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा आपल्याकडे काय काय बोललं गेलं ते आठवा. तो वाद एका जागेचा होता. इथे अख्ख्या देशाचं अध्यक्षपद अशा काठावर येऊन थांबलं होतं.

जॉर्जियात पुढे जे झालं ते नीट समजून घ्यावं असं आहे. तिथे सुमारे ५० लाख मतं तीनदा मोजली गेली : आधी यंत्राने, मग सगळीच्या सगळी हाताने, मग उमेदवाराच्या मागणीवरून पुन्हा यंत्राने. हातमोजणीला दोन-दोन जणांच्या जोड्या होत्या. एकाने मत मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडून त्या त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवायचं. हे चालू असताना फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांवर मतपत्रिका पहिल्या मोजणीत राहून गेल्याचं सापडलं. फेएट काउंटीत एक मेमरी कार्ड संगणकात चढवायचंच राहिलं होतं. त्यावर २,७५५ मतं होती. या सापडलेल्या मतांत ट्रम्प यांची मतं जास्त निघाली, बायडन यांची आघाडी कमी झाली, विजेता मात्र तोच राहिला.

माझ्या मते हे फेरमोजणीचं यश आहे. कागद होता म्हणून चूक सापडली आणि दुरुस्त झाली. पण संशय घेणाऱ्याने त्यातून एवढंच उचललं की ‘बघा, मतं गायब होती.’

मिशिगनच्या अँट्रिम काउंटीची गोष्ट याहून बोलकी आहे. जेमतेम सोळा हजार मतांची ही काउंटी पक्की रिपब्लिकन, आणि पहिल्या आकड्यांत तिथे बायडन पुढे! कारण असं, की काही गावांच्या मतपत्रिकेत शेवटच्या टप्प्यात बदल झाला, पण तो सगळ्या यंत्रांच्या कार्डांवर चढवला गेला नाही. त्यामुळे काउंटीच्या संगणकात आकडे एका उमेदवारापुढचे दुसऱ्यापुढे सरकले. दुसऱ्याच दिवशी ते लक्षात आलं. डिसेंबरात सगळ्या कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा दुरुस्त निकालात आणि हातमोजणीत निव्वळ १२ मतांचा फरक निघाला. तरीही ते पहिल्या रात्रीचे आकडे पुरावा म्हणून देशभर फिरत राहिले. विस्कॉन्सिनमध्ये तर ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ३० लाख डॉलर भरून दोन काउंट्यांत फेरमोजणी मागितली, आणि त्यातून बायडन यांचीच ८७ मतं वाढली.

मग संशय नक्की येतो कुठून? प्यू या संशोधन संस्थेने २०२० आणि २०२४ या दोन्ही अध्यक्षीय निवडणुकांनंतर मतदारांना विचारलं, की निवडणूक नीट पार पडली का. २०२० ला बायडन यांच्या मतदारांपैकी ९४ टक्के ‘हो’ म्हणाले, ट्रम्प यांच्या मतदारांपैकी २१ टक्के. २०२४ ला ट्रम्प जिंकले, आणि त्यांच्या मतदारांतला तोच आकडा ९३ टक्क्यांवर गेला. काउंट्या त्याच आणि पेनसिल्व्हेनियाचा सात वाजताचा नियमही तोच. लोकांचं मत मोजणीच्या पद्धतीवर ठरत नव्हतं, निकाल आपल्या बाजूने लागला की नाही यावर ठरत होतं.

इथवर दोन्ही बाजू सारख्या, असं म्हणावंसं वाटेल. पण २०२४ ला हरलेल्या डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांच्या मतदारांतही ८४ टक्क्यांनी निवडणूक नीट झाली असंच सांगितलं. तीही लढत फार दूरची नव्हती : पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधल्या आघाड्यांची बेरीज सुमारे २ लाख ३० हजार. फरक पडला तो हरलेल्या उमेदवाराच्या शब्दांनी. हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, पराभव मान्य केला. २००० साली फ्लोरिडात अवघ्या ५३७ मतांवर अध्यक्षपद अडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १२ डिसेंबरला आला आणि हरलेले डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांनी १३ तारखेला, निकालाशी असहमत असल्याचं सांगूनही, हार पत्करली. २०२० नंतर ते झालं नाही. न्यायालयांत ट्रम्प यांच्या बाजूचे साठच्या आसपास दावे फेटाळले गेले आणि २०२१ च्या ६ जानेवारीला त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. मतदार यंत्राचं आतलं काम पाहू शकत नाही. तो ज्याला मत देतो त्याच्या तोंडाकडे पाहतो.

२०२२ च्या कायद्याने काही फटी बुजवल्या. आता राज्याच्या निकालावर संसदेत आक्षेप घ्यायचा तर दोन्ही सभागृहांत एक-पंचमांश सदस्य लागतात. पूर्वी एकेक पुरत होता. उपाध्यक्षाचं काम फक्त संसदेतल्या या मोजणीचं अध्यक्षपद भूषवण्याचं, हेही स्पष्ट लिहिलं गेलं.

माणसामाणसांतली दुही मात्र कायद्याने बुजत नाही. १९६० च्या पाहणीत, मुलाने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल असं म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आत-बाहेर होते. २०१० च्या पाहणीत रिपब्लिकनांत ते प्रमाण जवळजवळ निम्मं आणि डेमोक्रॅटांत एक-तृतीयांश झालं. पत्रिका, पोटजात, घराणं पाहणाऱ्या आपल्या लोकांना यातली गंभीरता वेगळी सांगायला नको.

पुण्यात ज्यांची मुलं इथे आहेत त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर (कायम राहण्याच्या परवान्यावर) असलेल्यांना अध्यक्षीय निवडणुकीत मत नाही. धोका निवडणुकीच्या दिवशी नसतो, तो वाहन परवान्याच्या कार्यालयात असतो. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत तिथल्या अर्जातच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, आणि घाईत तिथे खूण केली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ याचं उत्तर द्यावं लागतं. व्हिसावर असणाऱ्यांनी कोणत्याही उमेदवाराला देणगीही द्यायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती चालते. महाराष्ट्र मंडळाची नोंदणी ५०१ सी ३ या, करमाफी मिळणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या, कलमाखाली असेल, तर मंडळाच्या व्यासपीठावरून किंवा मंडळाच्या ईमेलवरून कुणाही उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे. आणि ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांना फॉर्म ६-ए भरून पुण्यातल्या मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला त्या केंद्रावर स्वतः यावं लागतं.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला मतदान संपताच केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो. त्या यंत्रात एकूण किती मतं पडली ते त्यात लिहिलेलं असतं, आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्या कागदाशी ताडता येतो. हरणाऱ्याच्या माणसाच्या हातातही तोच कागद असतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. केंद्रावरचा प्रतिनिधी दुपारनंतर चहाला म्हणून गेला आणि सहा वाजता परतलाच नाही, तर ती प्रत त्याच्या पक्षाला मिळत नाही, आणि पुढे शंका घ्यायला किंवा फेडायला त्या पक्षाच्या हातात काही उरत नाही.